बालगंधर्वांचे चित्रपट : साधन म्हणून योग्यता

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या कारकीर्दीचा विचार करतांना त्यांच्या चित्रपटांस अस्सल साधन मानण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. मूर्ति दिसते, आवाज ऐकूं येतो. मग आणखी पुरावा कशास? आमच्या मतें हा युक्तिवाद तपासून घेणें अवश्य आहे.

प्रथम काळ पाहूं. १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत प्रवेश, १९११ चें ‘मानापमान’, १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, १९१६ चें ‘स्वयंवर’ व १९१९ चें ‘एकच प्याला’ हे मुख्य टप्पे होत. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ते भामिनी, तर केशवराव भोसले धैर्यधर होते. मराठी बोलपट अवतरला तो १९३२ सालीं. प्रभात कंपनीचा ‘धर्मात्मा’ १९३५ चा. त्या वेळीं नटाचें वय ४७ वर्षांचें. पहिली भामिनी आणि हा चित्रपट यांत २४ वर्षांचें अंतर आहे. समकालीन पत्र व मागाहून रचलेली बखर यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस अधिक सांगणें नको.

दुसरा प्रश्न विषयाचा. ‘धर्मात्म्या’त बालगंधर्व संत एकनाथ झाले आहेत, त्यांच्या स्त्रीभूमिकांविषयीं हा साक्षीदार मुकाच राहतो. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेष होता खरा, परंतु प्रेक्षक व नट यांमधील जें अंतर या वेषाचा आधार होतें, तें कॅमेऱ्यानें नाहींसें केलें. उणीव नटाची कीं साधनाची, हें न ठरवितां निकाल देणें अन्यायाचें होय.

ग्रामोफोनच्या तबकड्यांची साक्षही अपुरीच. एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. ‘वन्स मोअर’ घेत रंगत जाणारें पद तींत कोठून येणार?

हीं साधनें त्याज्य आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. बखरही कोणी टाकून देत नाहीं. ती ताडून पाहतात. परंतु ताडून पाहण्यास खेळांचीं हस्तपत्रकें, मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या व नटांच्या हातच्या नकला हव्यात. पोथ्या जिवापाड जपणाऱ्या संग्राहकांनीं हे कागद रद्दींत जाऊं दिले, तर बालगंधर्वांविषयीं उत्तरकालीन साक्षच तेवढी शिल्लक राहील.