विधेयकाची संहिता आणि वाचणारा नागरिक

कोल्हापूर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी रिक्त होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा काढली, ती करवीर राजपत्रात प्रसिद्ध झाली. या वर्गांत शिक्षणप्रसाराचे प्रयत्न अपेक्षेइतके सफळ झाले नाहीत, हे कारणही तीत नमूद होते. निर्णय एकाच सत्तेचा असल्यामुळे त्यामागील विचारविनिमय पाहण्यास प्रजेला मात्र मार्ग नव्हता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळाकडे गेला. तेव्हा आज मंगळवार पेठेतील नागरिकास अंतिम शब्दांहून अधिक काय पाहावयास मिळते, हा प्रश्न उपस्थित होतो.

विधेयके राजपत्रात व विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषाही मराठी ठरविली. ही प्राप्ती लहान नव्हे. परंतु कागद उपलब्ध असणे आणि तो वेळेवर हाती पडणे यांत अंतर आहे.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जुलै २०२४ मध्ये ते प्रथम मांडले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा मांडल्यावर संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. लोक उदासीन आहेत हा आक्षेप येथेच निकालात निघतो. मूळ विधेयकाचा रोख व्यक्ती व संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांवर होता. समितीने तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या 'किंवा तत्सम' संघटनांकडे वळविला. या 'तत्सम' शब्दाच्या कक्षेत कोण येतो, यावर अनेकांचे स्वातंत्र्य अवलंबून आहे. तथापि ९ जुलै २०२५ रोजी अहवाल सादर झाला, १० जुलैस विधानसभेने व ११ जुलैस विधान परिषदेने विधेयक संमत केले. सूचना पाठविणाऱ्यास बदललेली संहिता वाचून आपल्या प्रतिनिधीशी बोलण्यास जवळजवळ अवकाशच उरला नाही.

निवडून दिलेले सदस्य विचार करण्यास समर्थ आहेत, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. पण सदस्याने कशावर विचार केला हे मतदारास कळल्यावाचून त्याचा हिशेब मागता येत नाही. केंद्र शासनाने २०१४ मध्ये आपल्या मंत्रालयांसाठी असे धोरण आखले की, मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा व आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा. राज्यांना ते लागू नाही. त्यातील तत्त्व मात्र राज्यास स्वीकारता येण्याजोगे आहे.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: मूळ व सुधारित कलमे समोरासमोर दाखविणारे मराठी पत्रक, सूचना स्वीकारण्याची वा नाकारण्याची कारणे, आणि अहवाल व मतदान यांमध्ये काही निश्चित दिवसांचे अंतर. तातडीचा अपवाद ठेवावा, पण त्याचेही कारण लेखी असावे. एका संस्थानाधिपतीने १९०२ साली आज्ञेसोबत कारण दिले होते; लोकनियुक्त सभागृहाकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवणे उचित ठरणार नाही.