दोन बाप्तिस्मे, एक संसार

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठी घराघरांत हसत हसत वाचली गेली आहेत. टिळकांचा लहरी स्वभाव, हातातला पैसा दारी आलेल्या पहिल्या गरजवंताच्या हवाली करण्याची त्यांची सवय, सासर-माहेरच्या माणसांचे नाना नमुने, एवढ्यावरच पुष्कळांचे समाधान होते. आणि त्यात गैर काही नाही. परंतु १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राच्या मुळाशी एक बिकट प्रश्न आहे. माणूस आपला धर्म स्वतःच्या इच्छेने निवडतो, तेव्हा त्या निवडीची किंमत कोण मोजतो?

ख्रिस्ती विचाराला इच्छास्वातंत्र्याचा हा प्रश्न नवा नाही. देवाला सारे आधीच ठाऊक असेल, तर माणूस मोकळा कसा? संत ऑगस्टीनपासून ह्यावर खल चालला आहे. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू मांडली आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने तिला सडेतोड उत्तर दिले. पण पंडितांच्या ह्या वादापेक्षा येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हां-आम्हांला लवकर कळते. धाकटा वाटणी मागतो. बाप ती देतो, त्याला अडवीत नाही. पुढे तो कफल्लक होऊन परततो, तेव्हा हाच बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो. मात्र ह्या गोष्टीत एक बारकावा आहे. उधळलेली वाटणी काही परत येत नाही. उरले आहे ते सारे थोरल्याचे, असे खुद्द बापच सांगतो. क्षमा मिळते, परिणाम पुसले जात नाहीत. आणि ज्याने ह्यातले काहीच मागितले नव्हते, तो थोरला घराबाहेर रुसून उभा राहतो.

'स्मृतिचित्रां'चा पूर्वार्ध त्या थोरल्याच्या जागेवरून लिहिलेला आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी प्रामाणिकपणे घेतला ह्यात शंका नाही. परंतु त्या वेळी लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. पुढची चार-पाच वर्षे लहान मुलाला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. कुंकू कपाळी, पण घर नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. एकाने आपल्या आत्म्याचे स्वातंत्र्य मिळवले आणि त्याची झळ दुसरीला लागली. तरीही लक्ष्मीबाई टिळकांना खलपुरुष करीत नाहीत, की त्यांच्या नावाने आरतीही ओवाळीत नाहीत. त्या हसतात, पण ते हसू हिशेब विसरलेल्या बाईचे नाही.

ह्या ठिकाणी बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) ह्या कादंबरीची आठवण होते. विधवांच्या हालांविषयीची लेखकाची तळमळ खरी आहे. पण यमुनेचे वैधव्य, तिचा बाप्तिस्मा आणि पुनर्विवाह हे टप्पे लेखकाने आधीच आखून ठेवल्यासारखे वाटतात. तिला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही. आणि जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला मोल ते किती? स्वतंत्र निवडीचा उपदेश करणाऱ्या कथेत पात्रांनाच स्वातंत्र्य नसावे, हा बोधप्रधान वाङ्मयाचा जुना दोष आहे.

लक्ष्मीबाई मात्र 'नाही' म्हणतात, आणि पुष्कळ दिवस म्हणतात. त्या टिळकांकडे अहमदनगरला परत गेल्या त्या हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. कोणी म्हणेल, त्या काळच्या परावलंबी बाईला नवऱ्यामागे जाण्यावाचून दुसरी वाट तरी कोणती होती? आक्षेप वजनदार आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. परंतु पुस्तकातला घटनांचा क्रम पाहावा. नवऱ्याकडे जाणे आणि ख्रिस्ताकडे जाणे ह्या दोन गोष्टी लक्ष्मीबाई एक होऊ देत नाहीत. त्या आधी पत्नी म्हणून परततात. मग जातिभेद माणसाने केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतल्यावर त्या कोणाच्याही हातचे पाणी पितात. बाप्तिस्मा त्याहून नंतरचा, १९०० सालचा. सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला जेरीस आणणाऱ्या वडिलांच्या ह्या मुलीला पाण्याचा तो पेला किती जड गेला असेल, ह्याची कल्पना वाचकाने करावी. टिळकांची थोरवीही मला इथेच दिसते. उतावळा म्हणून प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ ह्या एका बाबतीत थांबला. उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बापही थोरल्याला हाताला धरून आत ओढीत नाही. बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

ह्या मनोमंथनाचे शास्त्रोक्त विवरण कोणी पुस्तकात शोधू लागेल, तर त्याची निराशा होईल. तात्त्विक चर्चा लक्ष्मीबाईंचा पिंड नव्हे. पण माझ्या मते ही उणीवच पुस्तकाचे बळ ठरली आहे. निवड ही व्यासपीठावर नव्हे, तर चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी होते, हे त्यामुळे स्वच्छ दिसते.

१९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. हे काम कोणी त्यांच्यावर लादले नव्हते. नवऱ्याच्या निवडीचे परिणाम सोसणारी बाई त्याचे अर्धे राहिलेले काव्य आपल्या खुशीने हाती घेते, ह्यात सारे काही आले. फराळाच्या ताटाभोवती 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा मोठ्याने वाचावीत. हसू येईलच. हसून झाल्यावर ती मधली चार-पाच वर्षे मात्र सावकाश वाचावीत.