पंजाबच्या लष्करी कायद्याचीं कागदपत्रें : एक साधनचिकित्सा

इ. स. १९१९ च्या एप्रिलांत पंजाबांत जो लष्करी कायदा पुकारला गेला, त्यासंबंधींचें लिखाण आजवर विपुल झालें आहे. परंतु त्यांतील बरेंचसें क्रोधानें किंवा समर्थनबुद्धीनें झालेलें आहे. जालियनवाला बागेंतील हत्याकांडाची हकीकत वाचून कोणाही सहृदय मनुष्यास क्रोध यावा हें साहजिक आहे, व तो येऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तथापि संशोधकाचें काम क्रोध ओसरल्यावर सुरू होतें. पेशवेकालीन एखाद्या प्रसंगाविषयीं दोन बखरी, चार पत्रें व एक महजर हातीं आला असतां आपण ज्या कसोट्या लावतों, त्याच कसोट्या या अर्वाचीन कागदांस लावून पाहाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तसें केलें असतां सरकारच्या आणीबाणीच्या अधिकारांविषयीं एक गोष्ट स्पष्टपणें नजरेस येते. ती ही कीं, प्रजेवर सैन्य चालविण्याची जी गरज म्हणून सांगितली जाते, तिचा लेख बहुधा कृत्यानंतर तयार होतो.

प्रथम साधनांची ओळख करून देतों. पहिलें साधन लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी कमिटीचा रिपोर्ट. ही आठ जणांची कमिटी हिंदुस्थान सरकारनें ता. १४ आक्टोबर १९१९ रोजीं नेमिली व तिचा रिपोर्ट पुढील सालच्या मार्चांत सादर झाला. पांच युरोपियन सभासदांचें एक मत पडलें. पंडित जगत नारायण, चिमणलाल सेटलवाड व साहेबजादा सुलतान अहमदखान या तिघांनीं आपला रिपोर्ट निराळा लिहिला. दुसरें साधन काँग्रेसच्या उपसमितीचा रिपोर्ट. तिच्यांत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व आपल्या मुंबईचे मुकुंद रामराव जयकर हे होते. या समितीनें १,७०० हून अधिक साक्षी तपासल्या व त्यांपैकीं सुमारें ६५० छापून काढिल्या. तिसरें साधन ब्रिगेडियर-जनरल डायर यांचीं स्वतःचीं चार निवेदनें. चौथें साधन, जें आमच्या मतें सर्वांत दुर्लक्षित राहिलें आहे, तें म्हणजे त्या दिवसांतील जाहीरनामे, वटहुकूम व कायदे, आणि विशेषेंकरून त्यांच्या तारखा.

तारखांपासूनच आरंभ करूं. ता. १० एप्रिल रोजीं डॉ. किचलू व डॉ. सत्यपाल या पुढाऱ्यांस अमृतसराहून हद्दपार करून धर्मशाळेस नेण्यांत आलें. त्यावरून जमाव उसळला, गोळीबार झाला, बँका जाळल्या गेल्या व पांच युरोपियन मारले गेले. यानंतर डेप्युटी कमिशनर माइल्स आयर्व्हिंग यांनीं शहर लष्कराच्या स्वाधीन केलें. ता. ११ च्या सायंकाळीं डायर अमृतसरास पोंचले. ता. १३ रोजीं सकाळीं जमावबंदीची दवंडी पिटली, व त्याच दिवशीं सायंकाळीं बागेंत गोळीबार झाला. अमृतसर व लाहोर जिल्ह्यांत लष्करी कायदा जारी झाला तो ता. १५ रोजीं. गुजराणवाल्याची गोष्ट अशीच आहे. तेथें विमानांतून बॉम्ब टाकिले व मशीनगन चालविली ती ता. १४ रोजीं, लष्करी कायदा तेथें आला ता. १६ रोजीं. सामान्य लेखनांत हीं दोन्ही कृत्यें ‘लष्करी कायद्याखालीं’ झालीं असें सर्रास लिहिलें जातें. वस्तुतः तीं दोन्ही तो कायदा त्या त्या ठिकाणीं येण्यापूर्वीं दोन दोन दिवस घडलेलीं आहेत.

मग त्या दिवशीं कोणता कायदा चालू होता? कागदोपत्रीं पाहतां १८९८ चा फौजदारी कामाचा कायदा. त्याप्रमाणें जमावास आधीं पांगण्याचा हुकूम द्यावयाचा, व सैन्य वापरणें भागच पडलें तर होईल तितकें थोडें बळ वापरावयाचें. बागेंत असा हुकूम दिला गेला नाहीं, व डेप्युटी कमिशनरही त्या वेळीं तेथें हजर नव्हते. म्हणजे ता. १३ ची सायंकाळ अशी आहे कीं, त्या वेळीं साधा कायदा पाळला गेला नाहीं व असाधारण कायदा अजून आला नव्हता.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप आहे व तो पोकळ नाहीं. इंग्रज कायदेपंडितांचें एक मत असें कीं, लष्करी कायदा जाहीरनाम्यानें उत्पन्न होत नसून प्रत्यक्ष परिस्थितीच्या गरजेनें उत्पन्न होतो. जाहीरनामा ही केवळ सूचना. हें मत मान्य केलें तर दोन दिवसांच्या फरकास महत्त्व उरत नाहीं. आम्ही तें वादापुरतें मान्य करतों. परंतु मग सर्व भार गरजेवर येऊन पडतो, व त्या स्थळीं त्या घटकेस गरज काय होती हें दाखविणें प्राप्त होतें. याचा निकाल डायर यांच्याच निवेदनांवरून लागण्यासारखा आहे.

हीं चार निवेदनें म्हणजे एकाच ग्रंथाचे चार पाठ समजावे. पहिलें ता. १४ एप्रिल १९१९ चें, घटनेच्या दुसऱ्या दिवशीं वरिष्ठांस पाठविलेलें. त्यांत, आपलें बळ थोडें होतें, कचरलों असतों तर हल्ला झाला असता, म्हणून तत्काळ गोळी झाडली, असें कारण दिलें आहे. मृतांचा अदमास २०० ते ३०० दिला आहे. दुसरें ता. २५ ऑगस्टचें. त्यांत कारण बदललें. प्रश्न केवळ जमाव पांगविण्याचा राहिला नव्हता. तेथील लोकांवरच नव्हे तर सबंध पंजाबावर पुरेसा नैतिक परिणाम व्हावा हा हेतु होता, असें तेथें म्हटलें आहे. तिसरें, ता. १९ नोव्हेंबर रोजीं लाहोरास हंटर कमिटीपुढें दिलेली साक्ष. गल्ली अरुंद असल्यामुळें चिलखती मोटारी बाहेर ठेवाव्या लागल्या. त्या आंत जाऊं शकल्या असत्या तर बहुधा मशीनगनही चालविल्या असत्या, हें सेटलवाडांच्या प्रश्नांवरून त्या साक्षींत बाहेर आलें. चौथें निवेदन जुलै १९२० चें, नोकरी गेल्यावर वकिलांच्या साह्यानें विलायतेंतील आर्मी कौन्सिलास दिलेलें. त्यांत समोरचा जमाव बंडखोरांचा व हल्ल्याची भीति खरी, हा पहिला सूर पुन्हां लागला आहे.

आतां पाठचिकित्सा करूं. चारही पाठांवरून पाहतां प्रत्यक्ष कृत्याविषयीं वाद नाहीं. बंदुकधारी शिपाई ५०, केवळ कुकऱ्या घेतलेले गुरखे ४०, झाडलेल्या गोळ्या १,६५०, आणि इशारा दिलेला नाहीं, ह्या गोष्टी सर्वमान्य आहेत. बदलतो तो हेतु. अशा वेळीं समकालीन कागद उत्तरकालीन कागदापेक्षां अधिक विश्वसनीय, हा आपला नेहमींचा नियम. त्या नियमानें पहिलें निवेदन खरें मानावें लागेल. परंतु हा नियम घटनेच्या तपशिलास जितका लागू पडतो तितका कर्त्याच्या हेतूस पडत नाहीं. तेथें लिहिणाऱ्याची त्या वेळची स्थिति पाहावी लागते. एप्रिलांत डायर यांस वरिष्ठांची संमति मिळावयाची होती. ऑगस्टापर्यंत ती मिळून गेली होती, व मध्यंतरीं अफगाण युद्धांत थळचा वेढा उठविल्यानें त्यांचें नांवही झालें होतें; भय नव्हतें म्हणून लेखणी मोकळी होती. नोव्हेंबरांत वकील जवळ नव्हता. जुलै १९२० मध्यें अब्रू व नोकरी दोन्ही पणास लागलीं होतीं. ज्या दोन वेळीं लिहिणारा निर्भय होता ते दोन पाठ एकमेकांशीं जुळतात, व ते त्याच्याच हितास बाधक आहेत. स्वहिताविरुद्धची कबुली अधिक ग्राह्य, हा न्यायाधीश व संशोधक या दोघांसही मान्य असलेला नियम आहे. म्हणून ऑगस्ट व नोव्हेंबरचे पाठ आम्ही प्रमाण मानतों. तसें मानल्यावर गरजेचा मुद्दा उरत नाहीं. कारण सबंध प्रांतास धडा शिकविणें ही त्या बागेची त्या घटकेची गरज नव्हे.

हंटर कमिटीच्या बहुमतवाल्यांनीं डायर यांस दोन गोष्टींबद्दल दोष दिला : इशारा न देतां गोळी झाडणें व ती फार वेळ चालू ठेवणें. परंतु पंजाबांत बंड होतें व लष्करी कायदा योग्य होता, असें त्यांनीं ठरविलें. अल्पमतवाल्यांनीं बंड होतें हेंच नाकारलें. वाद येथें घटनांविषयीं फारसा नसून एका शब्दाविषयीं आहे. जुन्या मराठी कागदांत दंगा, पुंडावा, फितवा व बंड हे शब्द एकमेकांच्या जागीं येत नाहींत. प्रत्येकास निराळी वर्तणूक व निराळें पारिपत्य आहे. १९१९ च्या कागदांत हा विवेक मुद्दाम पुसला गेला, कारण बंड म्हटल्यावांचून कायदाच हातीं येत नव्हता.

तो कायदाही पाहण्यासारखा आहे. पंजाबांत जो लावला तो बंगालचा १८०४ चा दहावा रेग्युलेशन. देशी सत्तांशीं युद्ध चालू असतां कंपनीच्या अमलाखालील कांहीं लोकांनीं शत्रूच्या बाजूनें हत्यार धरलें, असें कारण त्याच्या आरंभींच दिलें आहे. १८०३ व १८०४ हीं सालें कोणत्या युद्धांचीं हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिंदे, भोसले व होळकर यांच्याशीं लढतांना घडविलेलें हें हत्यार ११५ वर्षांनीं हरताळ पाळणाऱ्या शहरांवर चाललें. मूळ रेग्युलेशन उघड शत्रुत्व करतांना सांपडलेल्या मनुष्यासाठीं होता. ता. १४ एप्रिलच्या वटहुकुमानें लष्करी कोर्टाऐवजीं तिघांचें कमिशन आलें, व ता. २१ च्या चवथ्या वटहुकुमानें ३० मार्चपासूनचे गुन्हे त्या कमिशनापुढें चालविण्याची मुभा मिळाली. ३० मार्चचा अमृतसरचा हरताळ शांततेनें पार पडला होता, आणि किचलू व सत्यपाल तर ता. १० पासून सरकारच्याच ताब्यांत होते. तरी त्यांसही कमिशनापुढें उभें राहावें लागलें. या कमिशनांनीं एकंदर ८५२ आरोपींपैकीं ५८१ जणांस दोषी ठरविलें. १०८ जणांस फांशीची व २६५ जणांस जन्माच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली. फांशीच्या बहुतेक शिक्षा पुढें कमी कराव्या लागल्या, यावरूनच त्या न्यायाची योग्यता कळते.

काँग्रेसच्या रिपोर्टासही हीच कसोटी लाविली पाहिजे. तुरुंगांतील पुढाऱ्यांस चौकशीपुरतें सोडण्याचें नाकारल्यामुळें काँग्रेसनें हंटर कमिटीवर बहिष्कार घातला. तो मानी होता. परंतु त्यामुळें पीडितांच्या साक्षी एका दफ्तरांत व अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या दफ्तरांत अशी फाळणी झाली, व कोणत्याही पीडिताची उलटतपासणी अधिकाऱ्यासमोर झाली नाहीं. मृतांचा आंकडा सरकार ३७९ म्हणतें व काँग्रेस सुमारें १,००० म्हणते. हे दोन आंकडे एका जातीचे नव्हेत. पहिला नांवांच्या यादीचा आहे व ती यादी सेवा समितीच्या माहितीच्या साह्यानें, घटनेनंतर कांहीं महिने लोटल्यावर पुरी झाली. बैशाखीसाठीं बाहेरगांवाहून आलेल्यांचीं नांवें तींत सुटण्याचा संभव उघड आहे. दुसरा अदमास आहे. यादी खालची मर्यादा दाखविते. अदमास वरची दिशा दाखवितो. ३७९ ला निर्णायक म्हणणें जितकें अशास्त्रीय, तितकेंच १,००० हा मोजलेला आंकडा आहे असें लिहिणेंही.

शेवटीं क्षमेच्या कायद्याकडे वळूं. लष्करी अमलांतील कृत्यांबद्दल अधिकाऱ्यांवर दावे चालूं नयेत असा कायदा सप्टेंबर १९१९ मध्यें झाला. तो मागें ३० मार्चपर्यंत पोंचतो. चौकशी कमिटी नेमिली गेली ती आक्टोबरांत. म्हणजे माफी आधीं व तपास मागून. तपासाचें दफ्तरही सबंध बाहेर आलें नाहीं. साक्षींचे पांच खंड छापले गेले. लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर यांच्यासारख्यांच्या बंद दाराआडील साक्षींचे सहावा व सातवा हे खंड दडवून ठेविले गेले, व ते वि. ना. दत्त यांनीं १९७५ सालीं सिमल्याहून प्रसिद्ध केले. अर्धें शतक इतिहासकार पांच खंडांवर निर्णय देत होते.

हा विषय केवळ गतकालाचा नाहीं. जेथें लष्करी कायदा अमलांत होता तेथील सुव्यवस्थेसाठीं केलेल्या कृत्यांस संरक्षण देण्याचा अधिकार स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या ३४ व्या कलमानें संसदेस दिला आहे. असा अधिकार कोणत्याही राज्यास केव्हां तरी लागेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो वापरला गेल्यास पहिला प्रश्न कृत्य किती कठोर होतें हा नसून, गरजेचा लेख आधींचा कीं नंतरचा हा असला पाहिजे. त्याचें उत्तर तारखा असलेले कागद हातीं असल्यावांचून देतां येत नाहीं.

येथेंच संग्राहकांचें कर्तव्य सुरू होतें. लष्करी अंमल मोठ्या ग्रंथांनीं चालत नाहीं. तो भिंतीवरच्या नोटिसा, रात्रीं फिरण्याचे परवाने, जप्तीच्या पावत्या व तोंडी हुकुमांच्या टिपणांनीं चालतो. अंमल उठला कीं हे कागद रद्दींत जातात. आपल्या सोलापुरांतही मे १९३० मध्यें लष्करी कायदा जारी झाला होता. त्या शहरांतील जुन्या घरांत, पेढ्यांत व वकिलांच्या दफ्तरांत अशा चिठ्ठ्या असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या असतील त्यांनीं सनदा-महजरांप्रमाणेंच त्या जपाव्या, प्रत्येकीवर ती कोठें व केव्हां मिळाली हें लिहून ठेवावें, आणि तारीख असलेला भाग फाटूं देऊं नये, अशी आमची सर्वांस विनंति आहे.