शनिवार-रविवारचे रोमन

युरोपात उन्हाळा सुरू झाला की जुन्या रोमन किल्ल्यांवर शनिवार-रविवारी एक वेगळीच जत्रा भरते. एरवी कचेरीत किंवा दुकानात काम करणारी माणसे लोखंडी पट्ट्यांचे चिलखत चढवतात, तळाला खिळे ठोकलेल्या चपला घालतात, तंबू ठोकतात, जात्यावर गहू दळतात आणि लॅटिन हुकमांवर कवायत करतात. इंग्लंडमधली ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ ही मंडळी १९७२ पासून हे करते आहे. हौस म्हणून याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण या प्रकाराला ‘जिवंत इतिहास’ म्हटले जाते आणि शाळांच्या सहली तिथे नेल्या जातात. तेव्हा तिथे सिद्ध काय होते आणि नुसते दिसते काय, हे विचारायलाच हवे. असे काही मेळे पाहिल्यावर आमचे जे मत झाले ते येथे मांडतो.

सगळ्यात चांगला भाग दगडफेकी यंत्राचा, म्हणजे बॅलिस्टाचा. हे यंत्र धनुष्यासारखे दिसते, पण त्याची ताकद लाकडाच्या वाकण्यात नसते. दोन बाजूंना दोरांची दोन जाडजूड पिळलेली गुंडाळी असतात, त्यांत एकेक दांडा खोवलेला असतो. दांडे मागे खेचले की पीळ वाढतो, सोडले की तो उलगडतो आणि दगड सुटतो. हे गुंडाळे किती जाड हवे? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या फिलॉन या ग्रीक अभियंत्याने त्याचा नियम लिहून ठेवला आहे. दगडाचे वजन ‘मिना’त घ्या (एक मिना म्हणजे सुमारे ४३६ ग्रॅम), त्याला १०० ने गुणा, घनमूळ काढा, त्यात त्याचाच दहावा भाग मिळवा. आले गुंडाळ्याचे छिद्र, अंगुळांत. १० मिना वजनाच्या दगडाला १००० चे घनमूळ १०, म्हणून छिद्र ११ अंगुळे. आता ८० मिना घ्या. ८००० चे घनमूळ २०, म्हणून २२ अंगुळे. दगड आठपट, छिद्र फक्त दुप्पट!

घनमूळच का? यंत्राचे सगळे भाग छिद्राच्या प्रमाणात वाढवले तर दोरांचे घनफळ छिद्राच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते आणि साठणारी ऊर्जाही तशीच वाढते. दगडाचा वेग तोच राखायचा तर ऊर्जा वजनाच्या प्रमाणात हवी. म्हणजे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. ऊर्जेची कल्पना आपल्या अर्थाने ठाऊक नसतानाही हा नियम हाती लागला, तो यंत्रे बांधून, मोडून, पुन्हा बांधून. नववीच्या वर्गाला घनमूळ शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. मेळ्यात मात्र हे सांगताना कुणी आढळले नाही. दगड उडतो, टाळ्या पडतात, पुढचा दगड.

विसाव्या शतकाच्या आरंभी एर्विन श्राम या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने जुने ग्रंथ वाचून ही यंत्रे पुन्हा बांधली, त्याची यंत्रे साल्बुर्ग किल्ल्यावर आजही आहेत. त्याने दोरांसाठी घोड्याचे केस वापरले. प्राचीन ग्रंथांत जनावरांच्या कंडरांची शिफारस आहे. आजच्या हौशी यंत्रांत पुष्कळदा नायलॉनसारखे कृत्रिम दोर असतात, कारण ते स्वस्त असतात आणि पावसाने बिघडत नाहीत. सोयीचे आहे, पण मग अशा यंत्राचा दगड किती लांब गेला यावरून रोमन यंत्राबद्दल फारसे काही म्हणता येत नाही. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची तीच बदलली!

साल्बुर्ग किल्लाही असाच तपासण्याजोगा आहे. फ्रँकफुर्टच्या उत्तरेला टाउनुस डोंगरातल्या खिंडीत तो आहे, आणि आज उभ्या दिसणाऱ्या तटभिंती १८९७ ते १९०७ या काळात कैसर दुसरा विल्हेल्म याच्या आश्रयाने बांधलेल्या आहेत. उघडे दगड, जवळजवळ कंगोरे. पुढच्या संशोधनातून दिसले की रोमन तटाला पांढरा गिलावा असे, त्यावर तांबड्या रेघांनी चिऱ्यांचे सांधे रंगवलेले असत आणि कंगोरे बरेच लांब लांब असत. पण लोकांच्या मनातला ‘रोमन किल्ला’ या शंभर वर्षांच्या भिंतीवरूनच ठरतो.

चिलखताच्या बाबतीत हौशी मंडळींना श्रेय द्यायला हवे. १९६४ साली इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिज येथे चिलखताचे भाग भरलेली पेटी सापडली. त्यावरून रसेल रॉबिन्सन यांनी पट्ट्यांच्या चिलखताची जुळणी नव्याने बसवली आणि हौशी लोकांनी ते चिलखत अंगावर घालून मैलोन्‌मैल चालून पाहिले. कुठे घासते, कुठला पट्टा आधी तुटतो, हे संग्रहालयातल्या कपाटापुढे उभे राहून कळत नाही. १९८५ साली मार्कुस युंकेलमान हे इतिहासकार रोमन सामानसुमानासह व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून आउग्सबुर्गपर्यंत चालत गेले. चाल फसण्याचीही शक्यता होती, म्हणून तिला प्रयोग म्हणावे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. मेळ्यात बहुतेक जण ‘लीजन’चे शिपाई होतात. साल्बुर्गवर मात्र राहत होती रेशियन लोकांची सुमारे ५०० जणांची दुय्यम पलटण, म्हणजे आल्प्सकडचे लोक. अशा दुय्यम पलटणींतल्या शिपायाला रोमचे नागरिकत्व साधारणपणे २५ वर्षे चाकरी केल्यावर मिळे. इंग्लंडमधल्या विंदोलांदा किल्ल्यावर सापडलेल्या लाकडी पाट्यांवर एका पलटणीची हजेरी आहे. पटावर ७५२, जागेवर फक्त २९६, बाकीचे बाहेरगावच्या कामावर. जागेवरच्यांपैकी ३१ नाकाम: १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. त्याच किल्ल्यात बायकांच्या आणि लहान मुलांच्या चपला सापडल्या आहेत, आणि एका अधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीला पाठवलेले वाढदिवसाचे बोलावणेही.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही हजेरी आधी फळ्यावर लिहावी आणि मुलांना किल्ल्यावर त्या ४५६ गैरहजर माणसांचा शोध घ्यायला सांगावे. धान्य कोण आणत होते, बाहेरची ठाणी कोण सांभाळत होते, हे चिलखतातल्या माणसालाच विचारावे. ही माणसे पुष्कळदा उत्तम जाणकार असतात आणि कवायतीपेक्षा अशा प्रश्नांवर जास्त वेळ बोलतात.