टिळकांच्या घरातील बालकवी

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) आपल्या अनेक ख्रिस्ती घरांत श्रद्धेने वाचली जातात. रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. तथापि त्यांची भजने पंथांची कुंपणे ओलांडून गेली. त्याच घरात वाढलेल्या, पण त्या घराचा धर्म न स्वीकारलेल्या एका कवीविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगावी झाला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली. टिळक तेथे होते. पुढे त्यांनी त्याला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपल्या घरी आणले. पती कवी, पत्नी जन्मजात कथनकार आणि माणसांची सतत वर्दळ असे ते घर. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, तरी त्या घराचे दार त्यांना बंद झाले नाही.

या सहवासाचा त्यांच्या कवितेवर काय परिणाम झाला? वरवर पाहता दोघेही फुलांचे कवी. पण टिळकांचे 'वनवासी फूल' कवीशी संवाद करते. एकांत बरा की लोकांत राहून सेवा करणे बरे, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. बालकवींची 'फुलराणी' असला प्रश्न करीत नाही. तेथे कळी आहे, सूर्यकिरण आहे आणि त्यांचे लग्न आहे. 'औदुंबर'च्या आठ ओळींत तर केवळ एक दृश्य आहे. बोध नाही, प्रार्थना नाही. गुरूला सृष्टीतून देवाचा शब्द ऐकू येई. शिष्य सृष्टीकडे नुसता पाहत राहिला. गुरूने त्याला तसे पाहू दिले, हेच मला टिळकांचे थोर दातृत्व वाटते. १९१७ साली स्थापन केलेल्या 'देवाच्या दरबारा'त त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले, हे या संदर्भात आठवते.

मात्र लक्ष्मीबाईंच्या चित्राविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्यांचा ठोमरे हळवा, हट्टी, चटकन रुसणारा आहे. आईच्या नजरेने काढलेले ते चित्र अविस्मरणीय आहे. पण आईच्या नजरेत मूल कधी मोठे होत नाही. पदवीने त्यांना 'बाल' केले आणि या आठवणींनी तसेच ठेवले. त्यामुळे 'पारवा'सारख्या कवितेतील उदासी आपण पोराचा रुसवा समजून बाजूला ठेवतो. वस्तुतः ती प्रौढ माणसाची व्यथा आहे. मायेचे घर मिळूनही ती मिटली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

मी हे धारणीत बसून लिहितो आहे. आमच्या वसतिगृहातील एका कोरकू मुलाने एकदा आपल्या भाषेत पावसावर चार ओळी रचल्या. मी कौतुक केले, आणि लगेच त्यांचे मराठी भजन करून दिले. मुलगा गप्प झाला. नंतर त्याने मला काही दाखवले नाही. 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना ती चूक मला खुपली. माझ्या अंगी टिळकांची प्रतिभा नाही, याचे दुःख नाही. त्यांचा संयमही नव्हता, याचे आहे.

मेळघाटाच्या उत्तरेकडून वाहणारी तापी पुढे बालकवींच्या खानदेशात जाते. वाचकहो, आपल्या घरी वाढणाऱ्या मुलाने आपलीच भजने गावीत, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण त्याने दुसरेच गाणे म्हटले, तर ते शेवटपर्यंत ऐकण्याइतकी जागा आपल्या घरात आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक धर्मगुरूने स्वतःला विचारावे.