एक मतदार आणि अंड्यांचा भाव

आयझॅक आसिमोव्ह यांची ‘फ्रँचाइज’ ही विज्ञानकथा १९५५ साली ‘इफ’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ मताधिकार. कथेचा काळ २००८ सालचा. तेथे निवडणूक होते, परंतु मतदान होत नाही. मल्टिव्हॅक नावाचा अजस्र संगणक देशातून एकच माणूस निवडतो आणि त्याच्या उत्तरांवरून साऱ्या राष्ट्राचा कौल ठरवतो. या खेपेस निवड होते ती इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथील एका दुकानातील कारकुनाची, नॉर्मन म्युलरची.

कल्पनेला आधार होता. १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री सीबीएस वाहिनीने युनिव्हॅक संगणकाकडून भाकीत करवले. प्रारंभीच्या थोड्याशा मतमोजणीवरून त्याने आयझेनहॉवर यांना ४३८ निर्वाचक मते दिली. लढत चुरशीची होणार असे जाणकार सांगत असल्याने ते भाकीत लगेच जाहीर करण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. प्रत्यक्षात मते पडली ४४२.

कथा म्हणून पाहता रचना साधीच आहे. नॉर्मनची महत्त्वाकांक्षी पत्नी ठोकळेबाज वाटते, आणि निवेदनाला भाषेचे सौष्ठव असे नाहीच. परंतु पूर्वी सगळेच लोक मत देत असत, हे म्हातारा आजोबा लहानग्या नातीला समजावून सांगतो, तो प्रसंग अविस्मरणीय आहे. ती ते परीकथेसारखे ऐकते.

कथेचे मर्म मात्र प्रश्नोत्तरांत आहे. कोणाला निवडून द्यावे, हे नॉर्मनला कोणी विचारतच नाही. त्याला विचारले जाते अंड्यांच्या भावाविषयी, आणि तो बोलत असता यंत्रे त्याच्या शरीराच्या प्रतिक्रिया टिपत राहतात. आपल्या मराठीत विचारान्ती बनते ते ‘मत’ आणि पेटीत पडते तेही ‘मत’च. मल्टिव्हॅकला यांपैकी एकही नको आहे. त्याला हवे आहे ते मोजमाप.

आसिमोव्ह यांचा अंदाज चुकला तो येथे. यंत्र मतदाराचा हक्क काढून घेईल, असे त्यांना वाटले. घडले ते निराळे. हक्क हाती राहिला आणि यंत्र मतदारावरच काम करू लागले. केम्ब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा तब्बल ८.७ कोटी फेसबुक वापरकर्त्यांची माहिती अयोग्य रीतीने वापरली गेली असावी, असे त्या कंपनीनेच मान्य केले. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील हजारो मतदारांना दूरध्वनी आले. आवाज अध्यक्ष बायडेन यांचा, सल्ला प्राथमिक फेरीत मत न देण्याचा. तो आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला होता. या कृत्यामागील सल्लागाराला पुढे साठ लाख डॉलरचा दंड झाला. कथेतील सरकार निदान नॉर्मनचे मन ढळू नये म्हणून त्याला बातम्यांपासून दूर ठेवते. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात मन ढळवण्याचीच सोय आहे, आणि शेजाऱ्याला काय ऐकवले गेले ते आपल्याला कळतही नाही. मल्टिव्हॅक एकच होता व सर्वांना ठाऊक होता. मला तर त्याचा हेवा वाटतो!

कथा वाचताना गीरच्या जंगलातील बाणेज आठवल्यावाचून राहत नाही. तेथील देवस्थानात राहणाऱ्या एकट्या साधूसाठी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्र उभारले गेले. एकच मतदार आसिमोव्हकडेही आहे. तेथे त्या एकामुळे इतर कोट्यवधींची गरज संपते. येथे कोट्यवधींची मते पेटीत पडत असूनही त्या एकावाचून मोजणी पुरी होत नाही.

अखेरीस नॉर्मन, जो आरंभी भेदरलेला होता, अभिमानाने फुलून जातो. आपल्याद्वारे जनता बोलली, असे त्याला मनापासून वाटते. आसिमोव्ह येथे उपहास करतात की नाही, हे ते कळू देत नाहीत.

आमच्या धर्मग्रामातील युवकांना ही कथा मी सांगितली. शेवट ऐकून कोणी हसले नाही. एकाने विचारले, “फादर, म्हणजे मग रांगेत उभं राहावं लागणार नाही ना?”