मलमलीचा पांढरा झगा

विल्की कॉलिन्सच्या ‘द वूमन इन व्हाइट’ या कादंबरीची ख्याती रहस्यकथा म्हणून आहे. डिकन्सच्या साप्ताहिकातून १८५९-६० साली ती क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि तिच्या नावाच्या टोप्या नि अत्तरेदेखील बाजारात खपू लागली. पण या रहस्याची किल्ली माझ्या मते कुठल्याही कागदपत्रात नाही. ती एका साध्या पांढऱ्या झग्यात आहे.

लिमरिज हाऊसमधली उन्हाळ्यातली ती संध्याकाळ पाहा. जुन्या शिक्षिका मिसेस व्हेसी रुपेरी-करड्या पोशाखात, गरीब सावत्र बहीण मेरियन फिकट पिवळ्यात. दोघींचेही कपडे भारी. आणि घरची वारस लॉरा मात्र पांढऱ्या मलमलीत, एखाद्या गरिबाच्या लेकीने घालावी तशा! आपल्या श्रीमंतीने जवळच्यांना उणेपणा वाटू नये, एवढाच तिचा हेतू. किती गोड मुलगी, असे म्हणून वाचक पुढे जातो आणि तिथेच फसतो. कारण त्याच रात्री चांदण्यात तिला पाहून चित्रकलेचा शिक्षक वॉल्टर दचकतो. लंडनबाहेरच्या रस्त्यावर मध्यरात्री भेटलेली, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली पांढऱ्या कपड्यांतली अ‍ॅन हुबेहूब अशीच होती! आणि अ‍ॅन पांढरे का घालते? तर लॉराच्या आईने लहानपणी लॉराचेच जुने पांढरे फ्रॉक तिला दिले होते, पांढरा रंग तुला खुलतो असे म्हणाली होती. दयेने दिलेले जुने कपडे ते!

पुढे लॉरा मेली तर २० हजार पौंड नवऱ्याला मिळायचे असतात. अ‍ॅन मरते, तिला लॉरा म्हणून पुरतात, आणि लॉराला अ‍ॅनचे कपडे चढवून इस्पितळात कोंडतात. मी लॉरा आहे, असे ती सांगते. तेव्हा परिचारिका कपड्यांवर पक्क्या शाईने घातलेले अ‍ॅनचे नाव तिला दाखवते. माणसाच्या जिभेपेक्षा कपड्यावरची खूण खरी! सबंध कादंबरीत मला याहून भयंकर प्रसंग आढळला नाही. फॉस्कोचे पांढरे उंदीर त्यापुढे पोरखेळ वाटतात.

एक तक्रार मात्र आहे. कॉलिन्सने ही कथा अनेकांच्या जबान्यांतून सांगितली आहे. मेरियनची रोजनिशी आहे, वकिलाचे निवेदन आहे, स्वयंपाकिणीची जबानी आहे. फार काय, थडग्याच्या दगडालाही त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ज्या दोघींच्या अंगावरचे कपडे बदलले गेले, त्या लॉराला आणि अ‍ॅनला मात्र एकही नाही.